जाडीच्या एका आकड्यावर सांधा ठरत नाही

जाड भिंतीच्या कार्बन स्टील पाइपचा सांधा वेल्ड झाल्यावर तो पुन्हा तापवायचा की नाही, हा फॅब्रिकेशन यार्डातला नेहमीचा वाद आहे. सांध्याभोवतीचा पट्टा सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवणे, ठरावीक वेळ त्या तापमानाला धरणे आणि मग सावकाश निववणे, असे या प्रक्रियेचे स्वरूप आहे. कागदोपत्री तिला पीडब्ल्यूएचटी (पोस्ट वेल्ड हीट ट्रीटमेंट) म्हणतात. कामावरची माणसे स्ट्रेस रिलिव्हिंग म्हणतात. या वादात दोन पक्ष दिसतात. एकाच्या मते भिंत जाड असली की स्ट्रेस रिलिव्हिंग झालेच पाहिजे. दुसऱ्याच्या मते पाइपिंगच्या कोडने सूट दिली असल्याने आता त्याची गरज उरलेली नाही. निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी दोघांची चूक एकच आहे. सांध्याची नियती भिंतीच्या जाडीवर ठरते, असे दोघेही धरून चालतात.

पहिल्या पक्षाच्या मागे दीर्घ परंपरा आहे. प्रक्रिया उद्योगांतील पाइपिंगसाठी भारतातही सर्रास वापरल्या जाणाऱ्या एएसएमई बी ३१.३ या अमेरिकन कोडमध्ये २०१४ च्या आवृत्तीपूर्वी साध्या कार्बन स्टीलसाठी १९ मिलिमीटर ही सीमा होती. त्याहून जाड सांधा ५९३ ते ६४९ अंशांदरम्यान, दर मिलिमीटरला २.४ मिनिटे या हिशेबाने, पण किमान एक तास धरावा लागे. १२ इंची, शेड्यूल १६० पाइपची भिंत ३३.३२ मिलिमीटर असते. म्हणजे सुमारे ८० मिनिटे. या नियमामागे तथ्य होतेच. जाड भिंत वेल्डची उष्णता झपाट्याने ओढून घेते, त्यामुळे वेल्डलगतचा उष्णताबाधित पट्टा पाण्यात बुडवल्यासारखा थंड होतो आणि कठीण, ठिसूळ बनतो. शिवाय जाड भिंत आकसणाऱ्या वेल्डला हलू देत नाही, म्हणून सांध्यात उरलेला ताण पोलादाच्या यील्ड मर्यादेच्या आसपास पोचू शकतो.

पण धोक्याच्या अनेक कारणांपैकी जाडी हे एकच कारण आहे. ए १०६ ग्रेड बीच्या पाइपमध्ये कार्बन कमाल ०.३० टक्के चालतो. समजा, सारख्याच जाडीच्या दोन पाइपांत मँगनीज ०.९० टक्के आहे, पण एकात कार्बन ०.१८ आणि दुसऱ्यात ०.३० आहे. कार्बनमध्ये मँगनीजचा सहावा हिस्सा मिळवला की पहिल्याचा कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे वेल्डलगत कठीण होण्याच्या कलाचे माप, ०.३३ येतो आणि दुसऱ्याचा ०.४५. पाइपांवरचा शिक्का तोच आणि कॅलिपरचा आकडाही तोच, तरी एकाच पद्धतीने वेल्ड केल्यास दुसऱ्याच्या उष्णताबाधित पट्ट्यात भेग पडण्याची शक्यता कितीतरी अधिक. हा फरक मिल टेस्ट सर्टिफिकेटमध्ये छापलेला असतो. ते वाचावे लागते, एवढेच.

याच पक्षाचा आणखी एक समज अधिक घातक आहे : शेवटी स्ट्रेस रिलिव्हिंग होणारच आहे, तेव्हा प्रीहीटमध्ये, म्हणजे वेल्डआधीच्या तापवण्यात, थोडी ढिलाई चालेल. हायड्रोजनची भेग शेवटची वाट पाहत नाही. वेल्डमध्ये शिरलेला हायड्रोजन, कठीण झालेला पट्टा आणि ओढला जाणारा सांधा हे तिन्ही एकत्र आले की धातू निवल्यावर भेग पडते, कधी काही तासांनी तर कधी एकदोन दिवसांनी. एकदा पडलेली भेग ६०० अंशांची भट्टी बुजवू शकत नाही. हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि पट्टा सावकाश निवतो तो प्रीहीटमुळे, आणि प्रीहीट वेल्डच्या पहिल्या थराच्या, म्हणजे रूट पासच्या, आधी करायचा असतो. इलेक्ट्रोडची निगाही त्याच वेळची. कमी हायड्रोजनचा ई ७०१८ इलेक्ट्रोड दमट हवेत उघडा राहिला की त्याचे आवरण ओलावा शोषते. कोकणकिनाऱ्यावरच्या पावसाळी कामात हा धोका रोजचाच. २६० ते ४३० अंशांत किमान दोन तास भाजणे आणि त्यानंतर वेल्डरच्या हाती जाईपर्यंत ओव्हनमध्ये गरम ठेवणे, याला पुढे स्ट्रेस रिलिव्हिंगच्या कोणत्याही चार्टने पर्याय मिळत नाही.

दुसऱ्या पक्षाचा आधार २०१४ ची आवृत्ती. तिने साध्या कार्बन स्टीलला कोणत्याही जाडीसाठी स्ट्रेस रिलिव्हिंगमधून सूट दिली, हे खरे. मात्र त्या सवलतीला अटी आहेत : २५ मिलिमीटरहून जाड सांध्याला किमान ९५ अंश प्रीहीट, आणि ५ मिलिमीटरच्या वर वेल्ड अनेक पासांत. अटी नेमक्या आहेत. प्रीहीटने पट्टा फार कठीण होत नाही, आणि प्रत्येक नवा पास खालच्या पासाला काही अंशी मऊ करतो. म्हणजे कोडने नंतरचे तापवणे माफ केले ते आधीच्या तापवण्याच्या बदल्यात. सूट तेवढी घ्यायची आणि गॅस बर्नर गुंडाळून ठेवायचा, हा कोडचा अर्थच नव्हे.

शिवाय पाइपमधून काय वाहणार आहे, याचा विचार कोडचे जाडीचे कोष्टक करत नाही. तो प्रकल्पाचा मालक आणि डिझाइनर यांनी करायचा असतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील रोमिओव्हिल येथील युनियन ऑइलच्या रिफायनरीत २३ जुलै १९८४ रोजी जे घडले ते या बाबतीत निर्णायक आहे. हायड्रोजन सल्फाइड धुऊन काढण्यासाठी अमाइन वापरणारे एक उंच पात्र फुटले आणि १७ माणसे गेली. ते पाइप नव्हते, पण कार्बन स्टीलचेच होते आणि भिंत अवघी २५ मिलिमीटर. त्याच्या भिंतीचे एक वलय १९७४ मध्ये जागेवरच बदलले होते, आणि त्या वेल्डला नंतरची उष्णताप्रक्रिया मिळाली नव्हती. त्या जाडीला पात्रांचा कोड ती मागतही नव्हता. तपासात वेल्डच्या कठीण उष्णताबाधित पट्ट्यात हायड्रोजनने वाढवलेली भेग सापडली. जाडीचे कोष्टक पाळले गेले होते आणि तरीही सांधा गेला.

म्हणून अमाइन, कॉस्टिक आणि ओला हायड्रोजन सल्फाइड यांच्या वाहिन्यांसाठी निकष वेगळा लागतो. कॉस्टिकची तीव्रता आणि तापमान एका मर्यादेपलीकडे गेले, की ६ मिलिमीटरच्या पाइपचा सांधाही स्ट्रेस रिलीव्ह करावा लागतो. तिथे भेगेला लागणारा ताण वेल्डमध्ये उरलेला ताणच पुरवतो. उलट साध्या पाण्याच्या वाहिनीचा ३० मिलिमीटर जाड सांधा चांगला प्रीहीट, योग्य इलेक्ट्रोड आणि अनेक पास यांवर सुरक्षित राहू शकतो. फार कमी तापमानाच्या सेवेत जाडीचा मुद्दा पुन्हा बळावतो, आणि तिथे पहिल्या पक्षाची काळजी रास्त ठरते.

“केले तर नुकसान काय?” हा युक्तिवादही टिकत नाही. पुन्हा पुन्हा किंवा गरजेपेक्षा जास्त वेळ तापवल्यास कार्बन-मँगनीज पोलादाची ताकद आणि चिवटपणा दोन्ही घटतात. तापमान हाताबाहेर जाऊन ७२० अंशांच्या पुढे सरकले तर धातूची रचनाच बदलू लागते. अरुंद पट्टा घाईने तापवला तर एका जागचा ताण काढून शेजारी नवा बसवल्यासारखे होते. पाइपला नीट आधार नसेल तर ६०० अंशांना मऊ झालेला भाग वाकतो. जवळच्या व्हॉल्व्हची सीटही जळू शकते.

जिथे प्रक्रिया खरोखर हवी, तिथे ती पूर्णपणे झाली पाहिजे. आडव्या पाइपमध्ये गरम हवा वर चढते, त्यामुळे तळाची आतली बाजू सर्वांत थंड राहते. एकच थर्मोकपल माथ्यावर लावला तर रेकॉर्डरवर देखणी रेघ उमटते, पण तळ कदाचित ५५० अंशांवरच अडकलेला असतो. म्हणून थर्मोकपल माथ्यावर आणि तळाशी दोन्हीकडे हवेत, पाइपची तोंडे बंद हवीत, आणि धरण्याचे तापमान वेल्डबरोबर दोन्ही बाजूंच्या किमान २५ मिलिमीटर पट्ट्याला मिळाले पाहिजे. नंतर कठीणपणा मोजावा. रिफायनरीच्या कामात कार्बन स्टील वेल्डसाठी २०० ब्रिनेल ही रूढ मर्यादा आहे. हायड्रोटेस्ट त्याच्याही नंतर. आणि अमाइन किंवा कॉस्टिकच्या वाहिनीवर हे सगळे झाल्यावर आधारासाठी एखादा क्लीट जरी वेल्ड केला, तरी त्या जागी कठीण पट्टा आणि ताण नव्याने तयार होतो. तेवढा भाग पुन्हा स्ट्रेस रिलीव्ह करावा लागतो.