स्प्रिंग कापली, गाडी खाली आली. पण झटका कोणाला?

संध्याकाळी गंगापूर रोडला जेहान सर्कलपाशी थोडा वेळ थांबलं, की एखादी तरी जमिनीला टेकल्यासारखी कार दिसते. तीच कार आनंदवली, सोमेश्वर ओलांडून गिरणाऱ्याकडे निघाली, की प्रत्येक गतिरोधकावर तिरकी करून काढावी लागते. मागे पिकअपवाला हॉर्न देतोय. गंमत बघा, टोमॅटोचे क्रेट झेपावेत म्हणून पिकअपला पाटे वाढवलेले, आणि पुढच्या पोराने स्प्रिंग कापलेली. रस्ता एकच!

गाडी लो करणं ही हौस आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘स्वस्तात’ या शब्दाबद्दल. त्या मॉडेलसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंगा आणि जुळणारे शॉकअप घ्यायचे तर खर्च हजारांत जातो. म्हणून सोपा मार्ग: मूळ स्प्रिंग काढायची, ग्राइंडरने एखाद-दीड वेढा उडवायचा, परत बसवायची. खर्च फक्त मजुरीचा. कोणी गॅसने तापवूनही स्प्रिंग बसवतात. हे सगळ्यात वाईट, कारण पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं.

सहा वेढ्यांतला एक गेला, तर स्प्रिंग साधारण 20 टक्के कडक होते. शॉकअप मात्र जुनाच, आणि त्याला दबायला जागा कमी. तो खड्ड्यात आपटतो, लवकर गळतो. चाक खड्ड्यात लोंबकळलं, की आखूड स्प्रिंग बैठकीत सैल पडते; वळणावर सरकली तर काय होईल ते सांगायला नको. चाकाचा कोन बदलतो, टायर आतून झिजतात. मजुरीत वाचलेले पैसे टायरवाल्याकडे जातात.

पोरं म्हणतात, गतिरोधकच चुकीचे आहेत. त्यात तथ्य आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. गावोगावी रातोरात टाकलेले उंचवटे या मापात कुठे बसतात? पण रस्ता असा आहे हे माहीत असूनच आपण गाडी खाली घेतो ना!

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो तो वेगळाच. आवाज करणारा सायलेन्सर पोलिसाला लांबून कळतो. कापलेली स्प्रिंग मात्र चाकामागे लपते.

आणि खरी अडचण इथेच आहे. हौस फिटली की गाडी विकायला निघते. दिंडोरी, पेठ, त्र्यंबकेश्वरकडचा एखादा शेतकरी ती घरच्यांसाठी घेतो, तेव्हा स्प्रिंगबद्दल त्याला कोण सांगणार? घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन तीच गाडी उतरते.

म्हणून जुनी कार घेताना ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. जॅक लावून पुढचं चाक पूर्ण लोंबू द्यायला सांगा, गाडीखाली कोणी शिरू नका, आणि स्प्रिंग हाताने हलवून बघा. मूळ स्प्रिंग घट्ट बसलेली असते. कापलेली हलते, खडखडते. टोकही पाहा. कारखान्यातलं टोक रंगाखाली असतं, ग्राइंडरने कापलेलं उघडं आणि गंजलेलं.