जेवढे पाहिले तेवढेच



प्रश्न विचारायचे काम आमचे. वर्गात गेली वीस वर्षे तेच करत आलो. मुलगा उत्तर देताना छताकडे पाहू लागला की त्याने धडा वाचलेला नाही, हे आम्हाला लगेच कळते. यंदा मात्र दिवाणी न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून उत्तरे द्यायची वेळ आमच्यावर आली, आणि एका प्रश्नाला आम्हीच छताकडे पाहू लागलो. घरोघरी वाटण्यांचे दावे चालू आहेत, आज ना उद्या कुणालाही गवाहीसाठी बोलावणे येते. म्हणून आमची चूक या महिन्यात तुमच्यापुढे ठेवतो.

गोष्ट घरातलीच आहे. आमच्या खालूंनी २०१४ मध्ये राहत्या घराच्या मागच्या दोन खोल्या मुलीला हिबा केल्या. तोंडीच. त्या वेळी आम्ही तिथे होतो. पुढे खालू अल्लाहला प्यारे झाले आणि मुलाने सगळ्या घराच्या वाटपाचा दावा लावला. दोन खोल्या बहिणीच्या नाहीत, हिबा झालाच नाही, असे त्याचे म्हणणे. बहिणीने आपल्या कैफियतीत हिब्याचा आधार घेतला आणि साक्षीदार म्हणून आमचे नाव दिले. दोघेही आमची खालाजाद भावंडे. दोघांच्याही लग्नांत आम्ही जेवणे वाढली आहेत.

हिब्याला आपल्या कायद्यात तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने देतो असे सांगणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि कब्जा देणे. नोंदणीकृत दस्त नसला तरी हिबा टिकतो. हिबा कागदावर लिहिला असला तरी केवळ तेवढ्याने त्याची नोंदणी सक्तीची होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये हाफिजा बीबी विरुद्ध शेख फरीद या निकालात सांगितले आहे. ही मोठी सोय आहे. पण दस्त नाही म्हणजे सगळा भार साक्षीदारांच्या तोंडावर येतो. कोण हजर होते, काय बोलले, चावी कुणी कुणाला दिली, हे सगळे माणसांनी सांगायचे आणि तेही दहा-बारा वर्षांनंतर.

आमची समजूत होती की कोर्टात वकील विचारतील आणि आम्ही सांगू. तसे राहिलेले नाही. २००२ पासून दिवाणी दाव्यांत साक्षीदाराचा सरतपास प्रतिज्ञापत्रावर होतो. म्हणजे तुमचे म्हणणे आधीच टाइप करून, शपथेवर सही करून दाखल होते. कोर्टात उभे राहिल्यावर मुख्यतः उलटतपासच उरतो. बहिणीने वकिलांना हकीकत सांगितली, वकिलांच्या कार्यालयात ती टाइप झाली आणि एका संध्याकाळी आम्ही सहीला गेलो. शाळेत घटक चाचणीचे पेपर तपासायचे होते. चार पाने वरवर चाळली, सही केली आणि घरी आलो.

पाचव्या परिच्छेदात एक वाक्य होते : खालूंनी माझ्यासमक्ष दोन्ही खोल्यांच्या चाव्या मुलीच्या हातात दिल्या.

आमच्यासमक्ष चाव्या दिल्या नव्हत्या. खालू काय म्हणाले ते आम्ही ऐकले होते. मुलीने “कबूल आहे, अब्बा” म्हटलेलेही ऐकले होते. नंतर चहा घेऊन आम्ही निघालो. चाव्या दिल्याचे पुढे घरात इतक्यांदा ऐकले की पाहिले कोणते आणि ऐकले कोणते, यातला फरकच पुसला गेला होता.

तारखेच्या दिवशी पुकारा झाला. शपथ घेतली. प्रतिज्ञापत्र दाखवून मजकूर बरोबर आहे का, असे विचारले गेले. आम्ही हो म्हणालो. चूक सांगायची शेवटची चांगली संधी तीच होती, ती गेली.

समोरचे वकील वयस्कर, आवाज मऊ. आम्ही दरडावणीची तयारी करून गेलो होतो, तिचा काही उपयोग झाला नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो शाळेचा. कोणत्या वेळेत भरते? अकरा ते पाच. त्या दिवशी सुट्टी होती? नव्हती. हजेरीपटावर तुमची सही असेल? असेल. मग गेलात केव्हा? मधल्या सुट्टीत. मधली सुट्टी किती वेळाची? चाळीस मिनिटांची. शाळेपासून घर किती अंतरावर? चालत दहा मिनिटे. एकेक उत्तर खरे, साधे आणि निरुपद्रवी वाटणारे. सातव्या प्रश्नाला आमच्या लक्षात आले की आमच्याकडे त्या घरात वीसच मिनिटे उरली आहेत. त्यांत चहाही प्यायचा आहे आणि चाव्याही पाहायच्या आहेत.

मग त्यांनी तितक्याच मऊपणे विचारले, “चाव्या देताना तुम्ही स्वतः पाहिल्या?”

मागच्या बाकावर बहीण बसली होती. दुसऱ्या टोकाला भाऊ. आम्ही छताकडे पाहिले. तिथे एक पंखा गरगरत होता, एवढे अजून आठवते. मग म्हणालो, “नाही. चाव्या देताना मी पाहिले नाही.”

“म्हणजे परिच्छेद पाचमधले वाक्य खोटे आहे?”

“ते माझ्या पाहण्यातले नाही. वाचताना माझ्या लक्षात यायला हवे होते.”

उलटतपास घेण्याची कला कशात आहे, ते त्या दिवशी कळले. सरतपासात वादाच्या मुद्द्यावर उत्तर सुचवणारा प्रश्न सहसा विचारता येत नाही, उलटतपासात विचारता येतो. चांगला वकील भांडत नाही. तो लहान लहान होकार गोळा करतो आणि शेवटी त्यांची बेरीज करतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी तपासाचे हे मूळ नियम तेच आहेत.

आणखी एक गोष्ट मराठी शिकवणाऱ्या आम्हालाही चकवून गेली. साक्ष सहसा प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिली जात नाही. प्रश्न गळतो आणि तुमचे उत्तर सलग विधान होऊन उतरते. “हे म्हणणे खरे आहे की, मी तेथे वीस मिनिटे थांबले.” “हे म्हणणे खोटे आहे की, असा हिबा झालाच नाही.” खोटे, नाही, झालाच नाही : तीन नकारांच्या गर्दीत घाईने ‘हो’ म्हटले की उलटाच अर्थ कागदावर जातो. म्हणून प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगावे. त्यात कमीपणा नाही आणि न्यायाधीशही रागावत नाहीत. विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे, शिक्षकांसारखे समजावून सांगू नये. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावे. मात्र आठवत असलेली अडचणीची गोष्ट लपवायला ते शब्द वापरू नयेत. साक्ष टाइप झाल्यावर सही करण्यापूर्वी ओळ न् ओळ वाचावी आणि चूक दिसली तर तिथल्या तिथे सांगावी. प्रश्न अपमान करण्यासाठीच विचारला असेल तर तो रोखण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे. आपण चिडून उत्तर दिले तर नुकसान आपलेच.

आमच्या बाजूच्या वकिलांना त्यानंतर फेरतपासाची संधी होती. तीही उलटतपासात निघालेल्या गोष्टींचा खुलासा करण्यापुरती आणि उत्तर सुचवल्याशिवाय. त्यांनी एवढेच विचारले, “तुम्ही त्या वीस मिनिटांत काय ऐकले?” आम्ही खालूंचे बोलणे सांगितले. ते मात्र कुणाला हलवता आले नाही.

बाहेर पायऱ्यांवर बहीण म्हणाली, “आपा, एका वाक्याचाच तर प्रश्न होता.” ती त्यानंतर अडीच महिने आमच्याशी बोलली नाही. ईदला शिरखुर्म्याचा डबा आला, तो मुलाच्या हाती.

तिचा राग आम्हाला समजतो. खोल्या तिच्या आहेत, असे आम्हालाही मनापासून वाटते. पण खऱ्या बाजूसाठी बोललेले लहानसे खोटे खऱ्या बाजूलाच खाते. ते धरले गेले की आमच्या तोंडची उरलेली खरी वाक्येही संशयात पडतात. शपथेवर जाणूनबुजून खोटी साक्ष देण्याला सात वर्षांपर्यंतची कैद आहे, ते वेगळेच. आणि सूरह निसाची १३५ वी आयत आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध जात असली तरी इन्साफावर ठाम राहण्याचा हुकूम त्यात आहे. वकिलांना दोष देण्यातही अर्थ नाही. त्यांना सांगितले गेले ते त्यांनी लिहिले. वाचणे आमचे काम होते.

आता राहिली खालाची साक्ष. आपल्या घरांत अशा वेळी सर्रास म्हटले जाते, “अम्मी कशाला, मुलाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करा, तो बोलेल.” तसे चालत नाही. जे आईला स्वतःला माहीत आहे ते मुखत्यार तिच्या वतीने शपथेवर सांगू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये जानकी भोजवानी यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. आणि दाव्यातला पक्षकार स्वतः साक्षीला उभाच राहिला नाही तर त्याचे म्हणणे खरे नाही असे अनुमान निघू शकते, हे विद्याधर विरुद्ध माणिकराव या १९९९ च्या निकालात आले आहे. पण म्हणून म्हाताऱ्या, आजारी बाईला जिने चढवायची गरज नाही. अशांसाठी न्यायालय कमिशनर नेमू शकते. तो घरी येऊन साक्ष नोंदवतो, दोन्ही बाजूंचे वकील तिथेच असतात. रिवाजाप्रमाणे लोकांसमोर न येणाऱ्या स्त्रियांना तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ नेच कोर्टातल्या हजेरीतून सूट दिली आहे. ही तरतूद १९०८ पासून आहे, पण कित्येक घरांना तिचा पत्ताच नाही.

खालाचे गुडघे गेलेले, म्हणून कमिशनची परवानगी मिळाली. प्रतिज्ञापत्र मराठीत होते आणि खालाला वाचता येते ते फक्त उर्दू. वकिलांनी स्वतःच सांगितले, त्यांना कळेल अशा बोलीत एकेक वाक्य वाचून दाखवा, मी इथेच बसतो. बहिणीने इतक्या दिवसांनी फोन केला तो यासाठी.

आम्ही वाचत गेलो. खाला तसबीह हातात धरून ऐकत होत्या. चाव्यांच्या वाक्यावर त्यांनी हात वर केला.

“उसी दिन नहीं दिए थे. दूसरे दिन फजर के बाद दिए. मेरे सामने.”

बहीण पटकन म्हणाली, “अम्मी, काय फरक पडतो?”

खाला म्हणाल्या, “फरक नहीं पडता तो सही लिख दो.”

वकिलांनी मान हलवली. कब्जा त्याच क्षणी द्यावा लागतो असे नाही, दुसऱ्या दिवशी दिला म्हणून हिबा मोडत नाही. कैफियतीत त्याच दिवसाचा उल्लेख आहे, त्यावर समोरचे वकील विचारणारच. विचारू द्या, म्हणाले. त्यांनी वाक्य बदलून नवे पान काढून आणले. आम्ही ते पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवले.

दाव्याचा निकाल लागायचा आहे. तो कुणाच्या बाजूने लागेल ते अल्लाहला ठाऊक. खालाच्या दोन लेकरांपैकी एक त्या दिवशी दुखावणार, हे मात्र त्यांना आधीपासून माहीत आहे. त्यांनी चष्मा पुसला, मराठी मजकुराखाली उजवीकडून डावीकडे सावकाश आपली उर्दू सही केली आणि बहिणीला म्हणाल्या, “आपाला चहा दे.”