रत्नागिरीत शिकावयास येणाऱ्याची वाट

शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब मांडताना फी, पुस्तके, खोलीभाडे आणि खानावळ एवढ्याच बाबी धरण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. प्रवासाचा उल्लेख झालाच तर तो शेवटी आणि तोही तिकिटाच्या किमतीपुरता. वास्तविक लहान शहरात शिकावयास किंवा परीक्षेस येणाऱ्या परगावच्या विद्यार्थ्याला सर्वांत जाचक ठरतो तो लांबचा प्रवास नव्हे, तर गाडीतून उतरल्यानंतरचा. रत्नागिरी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

२०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. तथापि विद्येचे केंद्र म्हणून त्याचा व्याप या आकड्यावरून ध्यानात येणार नाही. आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ सालचे; शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ सालचे. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र येथे आहे आणि २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची त्यात भर पडली. यांतील अनेक प्रवेश राज्यपातळीवरील गुणवत्ता यादीतून होतात. साहजिकच ज्याने कधी समुद्र पाहिलेला नाही असा विदर्भ-मराठवाड्यातील विद्यार्थीही एके दिवशी ट्रंक घेऊन रत्नागिरीस येऊन थडकतो.

हे शहर मुळात समुद्राकडे तोंड करून वसलेले आहे. मुंबईच्या बोटी येत असत त्या काळी उतारू पडावातून बंदरावर उतरे आणि बाजारपेठ तेथून हाकेच्या अंतरावर असे. पावसाळ्यात बोटी बंद पडत, हा त्या व्यवस्थेचा मोठा दोष होता; पण बोटीतून उतरलेला माणूस गावातच उतरे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ही वाहतूक संपली. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि शहराचा दरवाजा परसदारी गेला. स्टेशन वर सड्यावर, शहरापासून सुमारे ६-७ किलोमीटरांवर आहे. मुंबई-गोवा महामार्गही शहरात शिरत नाही. हातखंब्याला फाटा फुटतो. डोंगर-दऱ्यांतून रेल्वे नेताना स्टेशने गावांपासून दूर पडणार, हे उघडच होते. परंतु तांत्रिक कारणाने निर्माण झालेली गैरसोय प्रशासकीय उपायाने दूर करता येते, आणि पाव शतक उलटूनही तसे पुरेसे झालेले नाही, हे मात्र तंत्राच्या माथी मारता येणार नाही.

अडचणीची सुरुवात स्टेशनाच्याही आधी होते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, तर प्रवेशाची यादी लागल्यावर हजर होण्यास अवघे काही दिवस मिळतात. त्यात या याद्या लागतात त्या ऐन पावसाळ्यात, गणेशोत्सवाच्या आगेमागे. तेव्हा कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक सुरू असते, गाड्यांची गती कमी केलेली असते, आणि चाकरमान्यांच्या गर्दीने डबे भरून वाहतात. सर्वसामान्यांची दादर-रत्नागिरी पॅसेंजर महासाथीनंतर दिव्यापर्यंतच धावू लागली, तेव्हा मुंबईत शिरण्या-निघण्याचा स्वस्त मार्गही आखडला.

अशा गाडीतून विद्यार्थी उतरतो तो पुष्कळदा अवेळी. रात्री मुंबई सोडणारी कोकणकन्या येथे पहाटेच्या अंधारात पोचते. बाहेर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर या वाटेचे भाडे पाठ असते. नवख्याला साळवी स्टॉप कोठे आहे हेही ठाऊक नसते. विकणाऱ्यास सर्व माहीत आणि घेणाऱ्यास काहीच नाही, अशा बाजारात किंमत मालाची ठरत नसून अज्ञानाची ठरते. येथे रिक्षावाल्यास खलनायक ठरविण्याचे कारण नाही. त्याला स्टेशनावर बहुधा रिकामे यावे लागते, गाडी उशिरा आली तर ताटकळावे लागते आणि तो वेळ कोणाकडून तरी वसूल करावा लागतो. दोष पर्यायाच्या अभावाचा आहे.

सरकारी सवलतींची रचना पाहिली तर हा अभाव अधिकच खटकतो. सुट्टीत घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यास रेल्वे भाड्यात सूट देते. एसटीचा मासिक पास एक-तृतीयांश भाड्यात मिळतो. मार्च २०२३ पासून महिलांस एसटीचे अर्धे तिकीट आहे. या योजना स्तुत्य होत. परंतु त्यांची आखणी रोज ये-जा करणाऱ्यास किंवा लांब जाणाऱ्यास समोर ठेवून झालेली आहे. चार दिवसांच्या परीक्षेस आलेल्याला मासिक पास काय कामाचा? आणि अर्धे तिकीट उपयोगी पडते ते बस असेल तेव्हाच. सवलत अंतराच्या मापाने दिली जाते, अडचणीच्या मापाने नव्हे.

एसटी तोट्यात असल्याने रत्नागिरीच्या शहर बससेवेवर आणखी बोजा नको, असा आक्षेप येईल. तो निराधार नाही. परंतु ज्या सेवेचा लाभ तिकीट काढणाऱ्यापलीकडे खोल्या देणाऱ्या घरमालकास, खानावळीस, दुकानदारास आणि महाविद्यालयास मिळतो, तिचा संपूर्ण खर्च तिकिटातूनच निघावा हा आग्रह अर्थशास्त्रास धरून नाही. लाभ विभागलेला असेल तर भारही विभागला पाहिजे. नगरपालिका, जिल्हा नियोजन समिती आणि शिक्षणसंस्था यांनी मिळून तो उचलावा.

करावयाचे ते अवाढव्य नाही. पहाटेच्या व रात्रीच्या मुख्य गाड्यांसाठी घड्याळाकडे न पाहता गाडीची वाट पाहणारी बस स्टेशनावर हवी. रिक्षाचे टप्पानिहाय दर मोठ्या मराठी अक्षरांत लावले जावेत. एसटी पर्यटकांसाठी ४ व ७ दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास देतेच. त्याच धर्तीवर प्रवेशपत्र दाखवून विद्यार्थ्यास शहर बससेवेचा अल्पमुदतीचा पास मिळावा. आणि महाविद्यालयांनी प्रवेशाच्या पत्रासोबत बसचे मार्ग, वेळा व दर यांचा एक कागद धाडावा. या शेवटच्या कामास तर कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.

मुलीला परगावी शिकावयास पाठवावे की नाही, याचा निर्णय अनेक घरांत महाविद्यालयाच्या लौकिकावर होत नाही. ‘पहाटे पाचला ती स्टेशनावरून जाणार कशी?’ या एका प्रश्नावर तो होतो. त्याचे समाधानकारक उत्तर न मिळाल्याने ज्या घरी राहतात, त्या कोणत्याही हजेरीपटात दिसत नाहीत. म्हणूनच ६-७ किलोमीटरांचा हा प्रश्न केवळ वाहतूक खात्याचा नसून शिक्षण खात्याचाही आहे.