व्यवहार आणि विवेक : पाच व्होल्टचा हिशेब

हिशेबात फरक आला की संशय प्रथम माणसावर जातो. यंत्रावर क्वचितच जातो. यंत्र खोटे बोलत नाही, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती महाग पडू शकते, याचा अनुभव नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावातील एका कापड व्यापाऱ्यास आला.

त्या काळी लहान गावांतूनही व्हिडिओ गेमची दुकाने निघू लागली होती. शेठजींनी पेढीशेजारच्या रिकाम्या गाळ्यात कपाटासारखी उभी तीन यंत्रे मांडली आणि ती सांभाळण्यास अठरा वर्षांचा एक मुलगा ठेवला. खेळणारी मुले त्याच्याकडे रुपया देत. तो बटण दाबून डाव देई. प्रत्येक डावागणिक काउंटरचा आकडा एकाने पुढे सरके. रात्री काउंटर आणि गल्ला जुळला पाहिजे, एवढा साधा नियम होता.

काही महिने हिशेब जुळला. पुढे एका यंत्राचा जुळेना. काउंटर १४३ डाव दाखवी, गल्ल्यात १३१ रुपयेच भरत. "शेठ, संध्याकाळी मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. पोरांचा डाव मधेच जातो, मग दुसरा द्यावा लागतो," असे मुलगा सांगे. शेठजी सकाळी स्वतः यंत्र लावून पाहत, तर ते उत्तम चाले. अखेर त्यांनी मुलाला कामावरून कमी केले. पगार पूर्ण दिला; पण कारण चार माणसांदेखत सांगितले.

मग गल्ल्यावर शेठजींचा मुलगा बसू लागला. तिसऱ्याच संध्याकाळी सातच्या सुमारास चित्र थरथरले, पडदा काळा झाला आणि खेळ पहिल्यापासून सुरू झाला. त्या रात्री घरच्या मुलाच्या गल्ल्यातही नऊ रुपयांची तूट आली.

पॉवर सप्लायवर व्होल्टेज कमी-जास्त करण्याचा लहान स्क्रू असतो. कुणीतरी सांगितले म्हणून मुलाने तो थोडा फिरवला. दोन दिवस यंत्र नीट चालले. तिसऱ्या दिवशी दुखणे परत आले. "खेळाचा बोर्डच गेला असेल, नवा मागवू," असे घरात ठरत होते. तेवढ्यात गावातील टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरास बोलावण्याची बुद्धी झाली.

कारागिराने प्रथम यंत्र तीन तास चालू ठेवायला सांगितले. दुखणे संध्याकाळचे असेल, तर नाडीही संध्याकाळीच पाहिली पाहिजे. खेळाच्या बोर्डावरील त्या काळच्या अनेक चिपना ५ व्होल्ट लागतात आणि त्यांची मर्यादा ४.७५ ते ५.२५ एवढीच असते. त्याखाली गेले की बोर्ड गोंधळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कारागिराने मल्टीमीटर पॉवर सप्लायच्या स्क्रूंवर लावला : ५.३० व्होल्ट. बहुतेक जण येथेच थांबतात आणि दोष बोर्डाच्या माथी मारतात. त्याने तोच मीटर बोर्डावर, चिपपाशी लावला : ४.६२ व्होल्ट.

निघाले ५.३०, पोहोचले ४.६२, वाटेत ०.६८ व्होल्टची गळती. ती शोधण्याची पद्धत वहीखात्याची आठवण करून देणारी होती. यंत्र चालू असतानाच त्याने मीटरचे एक टोक सप्लायच्या पाच व्होल्टच्या स्क्रूवर आणि दुसरे बोर्डावरील त्याच वाटेच्या शेवटी ठेवले : ०.०६. मग परतीच्या, म्हणजे ग्राउंडच्या वाटेवर तसेच मोजले : ०.६२. बेरीज ०.६८. हिशेब पैशापर्यंत जुळला आणि जाण्याची वाट निर्दोष, येण्याची वाट दोषी, हेही ठरले.

अशा यंत्रांत बोर्ड जोडण्यासाठी ५६ संपर्कांचा कनेक्टर असतो. जपानमधील करमणूक-यंत्र उत्पादकांच्या संघटनेने १९८५ साली आणलेली ही पद्धत पुढे देशोदेशी रूढ झाली. तिच्यात ग्राउंडसाठी दोन्ही टोकांचे मिळून आठ संपर्क राखलेले असतात. येथे त्यांतले दोन काळे पडले होते. काळ्या संपर्काचा विरोध वाढतो, विरोधाने उष्णता वाढते आणि उष्णतेने संपर्क आणखी बिघडतो. म्हणून थंड यंत्र सकाळी शहाणे आणि तापलेले यंत्र संध्याकाळी वेडे. स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवणे म्हणजे गळक्या धंद्यात नवे भांडवल ओतणे होते. शिवाय जोड दुरुस्त होताच ते वाढीव व्होल्टेज थेट बोर्डावर गेले असते. म्हणून कारागिराने स्क्रू आधी मागे घेतला. मग प्लग काढून बोर्डाच्या कडा खोडरबर व स्पिरिटने स्वच्छ केल्या आणि कनेक्टर नवा बसवला. आता सप्लायवर ५.१०, बोर्डावर ५.०२. नवा बोर्ड घ्यावा लागला नाही.

कुतूहलाने वाकलेल्या शेठजींच्या मुलाला त्याने मात्र हाताने मागे सारले. चित्रनळीवर हजारो व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या सप्लायच्या डब्यातील मोठ्या कपॅसिटरमध्येही तीनशेहून अधिक व्होल्ट साठलेले असतात. असा डबा अनोळखी हाताने उघडू नये. यतना म्हणजे केवळ जिवाणूंची काळजी नव्हे, स्वतःच्या देहाचीही.

त्या रात्री शेठजींनी जुने कागद पुन्हा काढले. रोजची तूट आठ ते बारा रुपयांची. मुलाने सांगितलेल्या बुडालेल्या डावांइतकी. तो प्रत्येक बुडालेला डाव कागदाच्या कोपऱ्यात रेघ ओढून लिहीत आला होता. त्या रेघा शेठजींनी कधी मोजल्याच नव्हत्या.

संवत्सरी अजून दोन महिने दूर होती. शेठजी थांबले नाहीत. ज्या चार माणसांदेखत आरोप केला, त्यांनाच घेऊन ते मुलाच्या घरी गेले आणि हात जोडले. मुलाने त्यांना पाणी दिले, त्याच्या आईने चहा केला. कामावर परत येण्याचे मात्र त्याने नम्रपणे नाकारले. त्याला दुसरीकडे नोकरी लागली होती.

पुढे पेढीवर एक रीत पडली. तूट आली की माणसाला विचारण्याआधी, ती जेथे आणि ज्या वेळी घडते तेथे त्या वेळी उभे राहून पाहायचे. सकाळी पाहिलेले सत्य होते, संध्याकाळचेही सत्य होते. एकच बाजू पाहून निकाल दिला, एवढीच चूक झाली. अनेकान्ताची शिकवण शेठजींनी व्याख्यानांतून अनेकदा ऐकली होती. ती उमगली दोन काळ्या पडलेल्या संपर्कांपाशी, आणि तोवर एक प्रामाणिक माणूस पेढीला मुकला होता.