वस्त्राचेही पथ्य सांगावयास हवे

आश्विनाच्या उत्तरार्धापासून मार्गशीर्षाच्या आरंभापर्यंतचा काळ वैद्याच्या दृष्टीने मोठा अवघड असतो. दुपारी ऊन भाजून काढते, तर पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटते. एकाच दिवशी चिकित्सालयात अम्लपित्ताचा, शीतपित्ताचा, प्रतिश्यायाचा आणि तमकश्वासाचा रुग्ण येऊन बसतो. आपण प्रत्येकास औषध देतो, अनुपान सांगतो, दही व दिवास्वाप वर्ज्य करण्यास बजावतो. परंतु या ऋतूत अंगावर काय घालावे, किती घालावे आणि केव्हा उतरवावे, याविषयी आपल्या चिकित्सापत्रावर बहुधा एकही ओळ नसते. ही उणीव लहान नाही आणि ती भरून काढणे आपल्या शास्त्राच्या अधिकारात पूर्णपणे बसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रंथांतील वस्त्रविचार

वस्त्र हा प्रतिष्ठेचा किंवा हौसेचा विषय आहे, वैद्यकाचा नव्हे, असे मानणाऱ्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय पुन्हा एकदा काढून पाहावा. वर्षा ऋतूत हलके व शुद्ध वस्त्र, शरदात निर्मळ वस्त्र, हेमंतात जड व उष्ण वस्त्र असा क्रम तेथे स्पष्ट आहे. हेमंतातील शय्या व आसन यांच्यासाठी प्रावार, अजिन, कौशेय, प्रवेणी, कुथक अशी आच्छादनेही नावानिशी सांगितली आहेत. भावमिश्रांनी तर वस्त्राचे गुणच दिले आहेत. रेशमी, लोकरीचे व तांबडे वस्त्र वातकफहर म्हणून शीतकाळी. काषाय वस्त्र पित्तघ्न म्हणून उष्णकाळी, तेही हलके. आणि शुभ्र वस्त्र फार उष्ण वा फार शीत नसल्याने वर्षाकाळी वापरावे, असा त्यांचा अभिप्राय आहे.

याहून महत्त्वाचा आधार स्वेदाध्यायात आहे. अग्नीवाचून होणारे जे दहा स्वेद चरकाचार्यांनी सांगितले, त्यांत व्यायाम, उष्णसदन, क्षुधा, आतप इत्यादींच्या जोडीने गुरुप्रावरणाची गणना आहे. याचा अर्थ असा की, जाड पांघरूण घेणे ही स्वेदन चिकित्सा आहे. चिकित्सा म्हटली की तिला मात्रा आली, काल आला, योग्य-अयोग्य रुग्ण आले. पित्तप्रकृती, रक्तपित्ती, मधुमेही, गर्भिणी यांना स्वेदन देताना आपण दहा वेळा विचार करतो. पण हेच रुग्ण ऐन ऑक्टोबरच्या उन्हात गळाबंद स्वेटर घालून समोर बसले, तर आपल्याला त्यात काही वावगे दिसत नाही. बस्तीची मात्रा मोजणाऱ्या वैद्याने प्रावरणाची मात्रा रुग्णाच्या मर्जीवर सोडावी, हे विसंगत आहे.

शरद म्हणजे 'ऑटम' नव्हे

येथे एका भाषिक घोटाळ्याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. इंग्रजीतील 'ऑटम' या शब्दाला आपण सरसकट 'शरद' म्हणतो. नियतकालिकांच्या रंगीत पानांवर तिकडील शरदाची चित्रे येतात. लोकरी गळपट्टे, एकावर एक चढवलेले कपडे, जाड कोट. ती पाहून आपल्याकडील हौशी मंडळी दसऱ्यापासूनच तसा वेष करू लागतात. वास्तविक पुण्यात ऑक्टोबरमध्ये दुपारचे तापमान ३२ अंशांच्या आसपास असते, तर लंडनमध्ये त्याच महिन्यात ते १५-१६ अंशांपर्यंतच पोहोचते. आपला शरद हा पित्तप्रकोपाचा काळ. वर्षेत संचित झालेले पित्त तीक्ष्ण सूर्यकिरणांनी प्रकुपित होते, म्हणून तिक्तघृत, विरेचन, रक्तमोक्षण हे उपक्रम सांगितले. तिकडचा ऑटम लक्षणांनी आपल्या हेमंताच्या जवळचा आहे.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. परदेशी स्थायिक झालेले अनेक मराठी कुटुंबीय आज दूरध्वनीवरून वा संगणकावरून आपला सल्ला घेतात. त्यांना पंचांग पाहून शरदऋतुचर्या सांगणारे वैद्य आहेत. लंडनमध्ये ऑक्टोबरअखेर घड्याळे मागे केल्यावर सायंकाळी पाचच्या आत अंधार पडतो, बाहेर थंड वारा व भुरभुर पाऊस असतो. अशा ठिकाणी राहणाऱ्या वातप्रकृती वृद्धास शीतवीर्य आहार व प्रदोषकाळी चांदण्याचे सेवन सांगणे म्हणजे त्याच्या सांधेदुखीला आमंत्रण देणे होय. मेलबर्न वा सिडनी येथील रुग्णाच्या बाबतीत तर आश्विनात तिकडे वसंत असतो. तेथे आपले पंचांग पुरते उलटे पडते.

अष्टांगसंग्रहकारांनी या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. ऋतू ओळखण्याची मास, राशी व स्वरूप अशी तीन लक्षणे सांगून त्यांत उत्तरोत्तर बलवान लक्षणानुसार चर्या ठेवावी, असे ते म्हणतात. म्हणजे आकाश, वारा, ऊन, गारवा यांनी प्रकट होणारे स्वरूप हेच सर्वांत प्रमाण. हा नियम केवळ परदेशासाठी नाही. एकाच कार्तिकात मुंबईत घाम येतो आणि महाबळेश्वरी शाल लागते; मग दोन्हीकडच्या रुग्णांस एकच छापील पथ्यपत्रक कसे चालेल?

थरांमागील युक्ती

ऋतुसंधीचा विचार आला की वाग्भटाचार्यांचा क्रम आठवतो. सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात दिवस यांत पूर्वीची चर्या हळूहळू सोडावी व नवी हळूहळू धरावी. एकाएकी केलेल्या त्यागाने व सेवनाने असात्म्यज रोग होतात. शरद-हेमंताच्या या संधीला शार्ङ्गधरांनी यमदंष्ट्रा म्हटले आहे. कार्तिकाचे अखेरचे आठ व मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस ते धोक्याचे मानतात व अल्पाहार सुचवतात. आहारातील हा क्रम आपण सांगतो. वस्त्रात तो आणण्याचा मार्ग म्हणजे एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे. एक जाड स्वेटर असेल तर तो घालावा किंवा काढावा, एवढेच दोन पर्याय उरतात. तीन थर असतील तर उन्हाबरोबर एकेक उतरवता येतो व सांजेला एकेक चढवता येतो. हा वस्त्रातील पादांशिक क्रमच होय.

यामागचा भौतिक कार्यकारणभावही सरळ आहे. ऊब कापडात नसते, ती दोन कापडांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते. कारण हवा उष्णतेची मंद वाहक आहे. म्हणून दोन पातळ सदरे एका जाड सदऱ्याइतकी, कित्येकदा अधिक ऊब देतात. परंतु आतला कपडा घामाने भिजला की हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. दुपारी घामेजलेला सुती बनियन सायंकाळच्या वाऱ्यात अंगावर तसाच राहिला, तर त्यावर कितीही लोकर चढवली तरी छाती गारठते. दिवाळीच्या सुमारास उद्भवणाऱ्या अनेक कासप्रतिश्यायांचे मूळ या ओल्या बनियनात आहे, असे माझे अनुमान आहे. लोकर मात्र आपल्या वजनाच्या सुमारे तृतीयांश आर्द्रता शोषूनही ओली भासत नाही, म्हणून ती मधल्या वा बाहेरच्या थरास योग्य.

ही युक्ती परकीय नाही. आपली गोधडी म्हणजे जुन्या मऊ लुगड्या-धोतरांचे एकावर एक रचून धाव-दोऱ्याने शिवलेले थर. सदऱ्यावर बंडी, बंडीवर उपरणे वा शाल आणि पहाटे रानात जाताना घोंगडी, हा शेतकऱ्याचा वेष थरांचाच होता. तान्ह्या बाळाला झबल्यावर टोपडे आणि बाहेर नेताना कुंची, उन्हात आल्यावर कुंची काढायची, हा आजीबाईंचा शिरस्ताही तोच.

रुग्णपरत्वे विचार

सर्वसाधारण उपदेशाने काम भागत नाही. तमकश्वासाचे जे मूल सकाळी सातच्या शाळेला रिक्षाने जाते, त्याला आत सुती बनियन, वर सदरा, त्यावर पुढून उघडणारी बंडी व कानांवर रुमाल असे सांगावे. मधल्या सुटीपूर्वी बंडी दप्तरात जावी आणि घामाचा बनियन घरी येताच बदलावा. दुचाकीस्वाराला वाऱ्याचा प्रत्यक्ष मारा छातीवर व गुडघ्यांवर लागतो. त्याला लोकरीपेक्षा वारा अडवणाऱ्या घट्ट विणीच्या बाह्य वस्त्राची अधिक गरज असते. संधिवाताच्या वृद्धास अभ्यंगानंतर सैल सुती वस्त्र व त्यावर गुडघ्यांपुरती लोकर पुरे. संपूर्ण अंग गुंडाळण्याचे कारण नाही.

शीतपित्ताचा रुग्ण सर्वांत कठीण. शीत वाऱ्याच्या स्पर्शाने त्याचे कोठ उठतात आणि जाड वस्त्राच्या उष्म्यानेही पित्त चाळवते. त्याला खरखरीत लोकर त्वचेला लागू न देता मऊ सुती अस्तराचे थर व त्यांची वेळीच उतरण हाच मार्ग. वातानुकूलित कार्यालयात काम करणाऱ्या तरुण वर्गाची अवस्था याहून वेगळी नाही. बाहेर ३२ व आत २२ अंश, अशी दिवसातून चार-सहा वेळा शीतोष्णाची उलटापालट होते. या मंडळींनी खुर्चीच्या पाठीशी एक पातळ शाल वा जाकीट ठेवावे आणि घाम पुसून मगच आत जावे. पित्तप्रधान ज्वराच्या बालकास रजईत गुंडाळण्याची रीत मात्र आपण ठामपणे मोडली पाहिजे.

कोजागरीचाही येथे विचार व्हावा. शास्त्राने शरदात प्रदोषकाळचे चंद्रकिरण सांगितले, तसेच अवश्याय म्हणजे दव वर्ज्यही केले. गच्चीवर मध्यरात्रीपर्यंत बसणाऱ्यांनी डोके व खांदे झाकणारे एक वस्त्र जवळ ठेवल्यास दोन्ही वचनांचा मान राहतो.

औषधी दुकानदारांस विनंती

औषधालयांचे चालक या प्रश्नात महत्त्वाची भूमिका बजावू शकतात. कित्येक रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वी त्यांच्याच फळीशी थांबतात. ऑक्टोबर लागताच उष्णवीर्य पाक, अवलेह व चोळण्याची तेले पुढे मांडण्याचा प्रघात आहे. व्यापाराची गरज समजण्यासारखी आहे. परंतु पित्त अद्याप शमले नसताना ग्राहकाला 'थंडी आली' असे सुचवणे हे शास्त्राला धरून नाही. त्याऐवजी एका छोट्या चिठ्ठीवर वस्त्र, अभ्यंग व आहार यांचा ऋतुसंधीपुरता क्रम छापून प्रत्येक पिशवीत घालावा. खर्च नगण्य, आणि ग्राहकाचा विश्वास मात्र टिकाऊ.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. रुग्ण औषधासाठी पैसे मोजतो, स्वेटरविषयी व्याख्यान ऐकण्यासाठी नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच व्याख्यान नको, दोन प्रश्न पुरेत: घरातून किती वाजता बाहेर पडता आणि परत येईपर्यंत अंगावर काय असते? या दोन उत्तरांतून पुष्कळदा निदानाचा उरलेला धागा हाती लागतो. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र असेल, तर रोज सकाळी छातीवर घेतलेला वारा व रोज सायंकाळी अंगावर वाळू दिलेला घाम ही निदाने सोडवल्यावाचून सितोपलादीची पुडी किती दिवस पुरी पडणार?

येत्या आश्विनापासून आपल्या संघटनेच्या सभासदांनी चिकित्सापत्रावर आहार व विहार यांच्या खाली 'वस्त्र' असा एक रकाना वाढवावा, अशी माझी सूचना आहे. तो पंधरा दिवस भरून पाहावा आणि कार्तिकअखेर कासश्वासाच्या नोंदींशी ताडून पाहावा. तालुका शाखांच्या बैठकींत या नोंदी एकत्र झाल्या, तर ग्रंथवचनाला आपल्या अनुभवाची जोड मिळेल. आणि सूचना निरुपयोगी ठरली, तर तेही आपल्याच नोंदींतून सिद्ध होईल.