पहिल्या घाण्याची बाजू

मोठ्या लेखकाच्या सुरुवातीच्या पुस्तकांविषयी आपल्याकडे एक विचित्र सोवळे पाळले जाते. शिखराचा जयजयकार करावयाचा आणि पायवाट मात्र झाकून ठेवावयाची! वि. स. खांडेकर म्हटले की ‘ययाति’, आणि ‘ययाति’ म्हटले की १९६० चा साहित्य अकादमीचा पुरस्कार, १९७४ चे ज्ञानपीठ, अशी जपमाळ सुरू होते. ‘हृदयाची हाक’ हे नाव काढले की मात्र आमच्या वाचनालयात बसणारे एक पदवीधर स्नेही नाक मुरडतात. “ते उमेदवारीतलं हो! त्यात काय ठेवलंय?”

काय ठेवले आहे ते मी सांगतो. मी जेमतेम मॅट्रिक झालेला मास्तर. सध्या एक कादंबरी लिहितो आहे, वह्या तपासून झाल्यावर, रात्री. दोनशे पाने झाली आणि नायिका अजून माहेरीच आहे. अशा वेळी ‘ययाति’ उघडावी तर दिवा मालवून निजावेसे वाटते. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली कर्मकहाणी आपापल्या तोंडाने सांगतात आणि सांधा म्हणून कोठे दिसत नाही. देवळाच्या कळसाला हात जोडावेत. पण पाया कसा खणावा हे तो कळस कसे सांगणार?

‘हृदयाची हाक’ ते सांगते. १९३० साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा भाऊसाहेब बत्तीस वर्षांचे होते आणि दहा वर्षे शिरोड्याच्या शाळेत मुलांना शिकवीत होते. पदवी त्यांच्याही पदरात नव्हती. (त्याच वर्षीच्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. आजूबाजूला एवढे पेटलेले असताना एक मास्तर आपल्या पहिल्या कादंबरीचा संसार मांडत होता, याचे मला फार नवल वाटते.) कोल्हटकर-गडकऱ्यांच्या कल्पनाविलासाचे संस्कार अंगात मुरलेले, त्यामुळे उपमेला उपमा भिडते. लेखक मधूनच पात्राला बाजूला सारून स्वतः बोलू लागतो. हे दोष मला दिसत नाहीत असे नाही. दिसतात, म्हणूनच उपयोगी पडतात! आणि ‘ययाति’ आली ती १९५९ साली. मधली एकोणतीस वर्षे कोणी मोजतो का?

कोणी म्हणेल, कच्चे वाचून लेखणीही कच्चीच राहील. हा आक्षेप ज्यांनी कधी चूल पाहिली नाही त्यांचा. या दिवसांत घरोघर कढई चढलेली आहे. पहिल्या घाण्यात अनारसा हसला म्हणून कोणती गृहिणी पीठ उकिरड्यावर टाकते? तो पाहूनच ती आच कमी करते, पीठ सारखे करते. आमच्या साहित्यिकांना मात्र पहिल्याच घाण्याचा अनारसा जाळीदार हवा, आणि नसेल तर तो कोणी तळलाच नव्हता असे दाखवावयाचे!

यात नुकसान कोणाचे, तर ज्याच्यापाशी गुरू नाही, शहर नाही, ओळखी नाहीत अशा लिहिणाऱ्याचे. गावोगावची वाचनालये जागा नाही म्हणून जुन्या कादंबऱ्या रद्दीत काढतात, आणि त्यात प्रथम जातात त्या नेमक्या याच. अशाच एका वाचनालयाच्या गठ्ठ्यातून मी ‘हृदयाची हाक’ची प्रत वजनाच्या भावाने घरी आणली. पुठ्ठा गेलेला, पाने पिवळी. प्रकाशकांनी लेखकांच्या शिखरांच्या सोनेरी आवृत्त्या खुशाल काढाव्यात. पण शेजारी एक साधी, स्वस्त आवृत्ती पहिल्या पुस्तकाचीही ठेवावी, आणि प्रस्तावनेत त्याबद्दल क्षमा मागू नये, एवढेच माझे भांडण आहे.

ती प्रत सध्या माझ्यापाशी नाही. नववीतली एक मुलगी वहीच्या मागच्या पानांवर गोष्टी लिहिते, तिला दिली आहे. परवा ती म्हणाली, “सर, असं तर मलाही लिहिता येईल.” मी तिला दोनशे पानी वही आणून दिली. आमच्या स्नेह्यांना हे कळल्यावर त्यांनी ते पुस्तक पाहावयास मागितले. म्हटले, पोरीचे वाचून होऊ द्या.