बापाचे बोलणे

म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरात दोन संस्था आहेत. एक १९६९ साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था, दुसरी तिच्याहून थोडी वडील असलेली अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था. पहिली भाषांचा विचार करते, दुसरी ज्याला भाषा सहज मिळत नाही अशा मुलाचा. याच शहरात पालकांच्या संघटनेने चालविलेली श्रवणबाधित मुलांची एक शाळा आहे. तिची प्रवेशाची अट अशी की, मुलाबरोबर आईनेही शाळेत बसावे, शिकावे आणि मुलाची शिक्षिका व्हावे. दूरदूरच्या गावांहून आलेल्या या माता म्हैसुरात बिऱ्हाड करून राहतात. या उपक्रमाचे मोल वादातीत आहे.

परंतु बाप कोठे असतो? तो बहुधा गावी, शेतावर किंवा नोकरीवर; पैसे पाठविणारा. आई जे उच्चार, जो धीर, जी संभाषणाची पद्धत शिकते, ती त्याच्यापर्यंत पोचत नाही. सुटीत मूल घरी येते तेव्हा बापलेकांमध्ये आईला दुभाष्या व्हावे लागते. मुलाला ‘मातृभाषा’ मिळते, ती अक्षरशः आईचीच.

समाजकार्यात पित्यांसाठी आधारगट असावेत, ही मागणी या ठिकाणी तपासून पाहण्यासारखी आहे. तिची थट्टा करणे सोपे आहे. ज्याच्या हाती घराची सत्ता, त्याला आणखी आधार कशाला, असे विचारले जाते. हा आक्षेप निराधार नाही. बालसंगोपनाचा भार स्त्रियांनीच वाहिला आणि अद्यापही वाहतात. तथापि बापाला संगोपनाच्या वर्तुळाबाहेर ठेवल्याने तो भार हलका होत नाही, उलट कायम होतो, हेही तितकेच खरे. शासनाचा हिशेब बोलका आहे: केंद्रीय कर्मचारी स्त्रीस प्रसूतीसाठी १८० दिवसांची रजा, पुरुषास १५ दिवसांची. एकट्याने मूल वाढविणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यास बालसंगोपन रजा मिळू लागली ती २०१८ च्या अखेरच्या दुरुस्तीनंतर.

भाषेचा हिशेबही असाच आहे. महाराष्ट्रातील शाळांत ‘माता-पालक संघ’ असतो. ‘पिता-पालक संघ’ हा शब्दच कानाला खटकतो. ‘मातृत्व’ काव्यात येते, ‘पितृत्व’ प्रामुख्याने न्यायालयात, आणि तेही वादग्रस्त असताना. ‘पितृछत्र’ आपण आठवतो ते हरपल्यावर! मराठी साहित्यानेही यात फारशी भर घातलेली नाही. ‘श्यामची आई’ला जे स्थान मिळाले, त्याच्या तोडीचे बापाचे चित्र शोधावे लागते; आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) तो मुलाच्या शिक्षणाच्या आड उभा आहे, आणि नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन्‌ आम्ही’ला (१९९३) वाचकांनी जे डोक्यावर घेतले त्यात ही उपासमारही असावी.

म्हैसूरनेच या विषयावरची एक मोठी कादंबरी दिली, ती मात्र इंग्रजीत. आर. के. नारायण यांची पत्नी राजम १९३९ साली विषमज्वराने वारली आणि लहानगी मुलगी त्यांच्यापाशी राहिली. त्या अनुभवातून ‘द इंग्लिश टीचर’ (१९४५) लिहिली गेली. परलोकीच्या पत्नीशी संवाद हा तिचा बहुचर्चित भाग. समीक्षेचे सारे लक्ष तिकडे गेल्याने एक साधी गोष्ट दुर्लक्षित राहिली आहे. कृष्णनला खरा आधार मिळतो तो मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाकडून, आणि हा मुख्याध्यापक स्वतःच्या घरात हरलेला बाप आहे. दोन पुरुष एका मुलीच्या शाळेच्या निमित्ताने बोलू लागतात. आधारगट म्हणजे याहून वेगळे काय असते?

‘निमित्त’ हा शब्द येथे महत्त्वाचा. पुरुष गटात बसून बोलतच नाहीत, हे म्हणणे टिकणारे नाही. पुण्याच्या मुक्तांगणात १९८६ पासून व्यसनी पुरुष गटात बोलत आले आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा तर बोलण्यावरच उभ्या आहेत. पण तेथे प्रवेश मिळतो तो रोगी म्हणून. बाप म्हणून बोलण्यासाठी आधी व्यसनी व्हावे लागू नये. मुंबईच्या ‘मावा’ या पुरुषांच्या संघटनेने (१९९३) ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक काढून या बोलण्याला छापील जागा दिली, हे साहित्याच्या अभ्यासकांनी नोंदवावयास हवे होते; फारसे कोणी नोंदविले नाही.

म्हणून म्हैसूरच्या त्या शाळेसारख्या ठिकाणी बापांचा गट निघाला तर त्याला समुपदेशनाची परिभाषा देऊ नये. त्यांना मुलाशी बोलावयास शिकवावे. स्वतःविषयी ते त्या ओघात बोलतील. बैठक सुटीच्या दिवशी असावी, कारण रोजंदारी बुडवून कोणी येणार नाही. आणि ती बापाच्या भाषेत असावी. निपाणीहून आलेल्या बापाने आपल्या मुलाविषयीची भीती कानडीत किंवा इंग्रजीत सांगावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. मानसगंगोत्रीतील त्या दोन संस्थांना एकमेकींकडे जाण्यासाठी फार चालावेही लागणार नाही.